तिसऱ्या बाटलीतलं पाणी

१

तिसऱ्या बाटलीच्या प्लेटवर काहीच उगवलं नव्हतं. पिवळा ठिपका नाही, पांढरा ठिपका नाही, एखादा वाट चुकलेला बुरशीचा केसही नाही. अशी कोरी प्लेट बघून कुणालाही बरं वाटलं असतं. बाईंना मात्र किळस आली.

बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘नाकवाल्या बाई’. उभा जन्म लोकांचे बेडके तपासण्यात गेला, तरी त्यांची शिसारी काही गेली नव्हती. डबीचं झाकण उघडताना आजही त्यांच्या घशाशी यायचं. पण त्या म्हणायच्या, ज्याला किळस येत नाही त्याला घाण दिसत नाही, आणि ज्याला घाण दिसत नाही त्याने आमच्या धंद्यात येऊ नये.

“स्वच्छ आहे की!” त्यांची सहायक चष्मिस म्हणाली. “बाकीच्या दोन बाटल्यांत नेहमीचे साधे जंतू उगवलेत. स्वयंपाकघरातल्या नळाला थोडे, टाकीला जरा जास्त. आणि ही तिसरी, न्हाणीघराच्या शॉवरची, अगदी धुतल्या तांदळासारखी.”

“न्हाणीघराचा शॉवर आणि धुतल्या तांदळासारखा?” बाईंनी प्लेट उजेडात धरली. “अगं, आपल्या घरच्या माठातलं पाणी घातलंस तरी चार ठिपके येतील. काहीच नाही म्हणजे काहीतरी आहे.”

पाणी वृद्धाश्रमातलं होतं. तिथले एक आजोबा, चित्रकलेचे निवृत्त मास्तर, न्यूमोनियाने रुग्णालयात दगावले होते. त्यांचा बेडका तपासणीला आला तेव्हा पीसीआरच्या यंत्राने स्पष्ट सांगितलं होतं, लिजिओनेला. हा जंतू एका माणसाकडून दुसऱ्याला सहसा लागत नाही. तो कोमट, साचलेल्या पाण्यात, नळाच्या बुळबुळीत शेवाळात राहतो आणि शॉवरच्या बारीक तुषारांवर बसून थेट छातीत उतरतो. म्हणून आश्रमातली न्हाणीघरं बंद केली होती आणि पाणीखात्याने तीन बाटल्या भरून पाठवल्या होत्या.

नियम असा, की प्लेटवर दहा दिवसांत लिजिओनेला उगवला नाही तर शॉवर सुरू करायला मोकळीक. आज दहावा दिवस. आश्रमाच्या व्यवस्थापकाने सकाळपासून तीनदा फोन करून उद्याच्या आंघोळीचा मुहूर्त काढून ठेवला होता. त्या आश्रमात बाईंची सख्खी मावशी राहत होती. आई गेल्यावर हिनेच बाईंना वाढवलं. आता तिची छाती कागदाच्या पिशवीसारखी झाली होती. उद्या सकाळी तीही त्या शॉवरखाली बसणार होती.

“यंत्राचं झालं का?” बाईंनी विचारलं.

पाण्याची तपासणी इथे आजवर फक्त प्लेटवर व्हायची. पीसीआर माणसांच्या बेडक्यांसाठी. पाणीही यंत्रावर घालायचं, हे बाईंनी याच खेपेला पहिल्यांदा ठरवलं होतं.

चष्मिसने पडद्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. पहिल्या बाटलीची रेघ सपाट. दुसरीचीही सपाट. तिसरीची रेघ मात्र साप फणा काढतो तशी वर गेली होती.

२

“यंत्रात काही सांडलं नसेल ना?” चष्मिसने विचारलं.

“कोऱ्या पाण्याची नळी बघ. आपण मुद्दाम ठेवतो ती. सांडलं असतं तर तीही वर गेली असती. ती आडवीच आहे.”

म्हणजे यंत्र म्हणतं लिजिओनेला आहे, भरपूर आहे. प्लेट म्हणते काही नाही. बाईंना ठाऊक होतं की दोघं खरं बोलताहेत. प्लेटवर जिवंत जंतूच उगवतो. यंत्र जंतूची वंशखूण शोधतं आणि तिच्या कोट्यवधी नकला काढून दाखवतं. तो जंतू जिवंत आहे की मेलेला, हे यंत्राला कळत नाही.

तेवढ्यात एक डॉक्टर आला. आश्रमाचा वैद्यकीय सल्लागार. उमेदवारीची दोन वर्षं त्याने याच प्रयोगशाळेत काढली होती, बाईंच्या हाताखाली. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत केस आणि बोलणंही तसंच.

“मॅडम, रिपोर्ट न्यायला आलोय. म्हटलं तुम्हाला त्रास कशाला.” पडदा बघून तो क्षणभर थांबला. “पाणी यंत्रावर? हे कधीपासून?”

“याच वेळेपासून.”

“अच्छा.” त्याने हसून घेतलं. “पण यात घाबरण्यासारखं काही नाही, मॅडम. नमुना घ्यायच्या आदल्या दिवशी मी सगळ्या पाइपांतून कढत पाणी सोडायला लावलं होतं. त्यात मेले सगळे. यंत्राला दिसताहेत ती नुसती मढी. मेलेल्या सापाला कोण भितं? तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला, प्लेटवर उगवेल ते खरं.”

उत्तर बिनतोड होतं. नियमही त्याच्या बाजूने होता. नवा नमुना घ्यावा तर प्लेटला पुन्हा तितकेच दिवस, आणि व्यवस्थापक तोवर थांबणाऱ्यातला नव्हता. डॉक्टर गेल्यावर बाईंनी तिन्ही बाटल्या ओट्यावर एका ओळीत मांडल्या.

पहिली नीट उभी राहिली. दुसरीही. तिसरी मात्र बोट लागताच डुगडुगली. बाईंनी ती उलटी केली. पातळ प्लास्टिकचा तळ बाहेर फुगला होता.

“हिच्या चिठ्ठीवर चिकटपट्टी कुणी लावली?”

“मीच. आली तेव्हाच चिठ्ठी सुटत होती,” चष्मिस म्हणाली. “पण झाकणावरचं सील शाबूत होतं, बाई. मी स्वतः बघितलं. ही बाटली कुणी उघडलेली नाही.”

“उघडलेली नाहीच,” बाई म्हणाल्या. “उघडायची गरजच नव्हती.” आणि त्यांनी पर्स उचलली.

३

आश्रमाच्या न्हाणीघराला कुलूप होतं. व्यवस्थापकाने ते मोठ्या उत्साहाने उघडलं. त्याच्या अंगावर इस्त्रीचा कोट होता आणि त्याला अत्तराचा इतका वास, की घाणीपेक्षा तो वास जास्त मळमळवत होता.

“बघा बाईसाहेब, लखलखीत आहे! आमच्याकडे आजी-आजोबांना घरच्यासारखं ठेवतो आम्ही.”

फरशी लखलखीत होती खरी. बाईंनी हातमोजा चढवून शॉवरच्या तोंडावरून बोट फिरवलं. बोटाला करडा, शेंबडासारखा थर आला. त्यात कुणाचा तरी पांढरा केस अडकला होता. बाईंनी तोंड फिरवून भिंतीचा आधार घेतला. कढत पाण्याने पाइप धुतले म्हणे! खरंच धुतले असते तर हा थर आज इथे नसता.

“घरच्यासारखं म्हणजे हे?”

“ते... झाडूवाल्याला सांगतो,” व्यवस्थापक म्हणाला. “पण रिपोर्ट स्वच्छ आलाय ना? मग उद्या सुरू करतो. सगळे कुरकुरताहेत हो. दोन आठवडे ओल्या फडक्याने अंग पुसायचं, तेही या वयात!”

“नमुना घेतला तेव्हा तुम्ही इथे होतात?”

“स्वयंपाकघर दाखवलं, टाकी दाखवली. मग फोन आला म्हणून मी गेलो. बाटल्यांवर नुसते आकडे होते, आपल्याला काय कळतंय त्यातलं? त्या पाणीखात्याच्या नमुनेवाल्याने म्हणे बाटल्यांची पेटी आमच्याकडेच ठेवली होती. सिस्टरला विचारा.”

सिस्टर आपल्या खोलीत सुया-चिमटे उकळायच्या पेटीतलं पाणी बदलत होत्या. करड्या चेहऱ्याच्या, कामाच्या ओझ्याने वाकलेल्या. नमुन्यांच्या पेटीचं नाव काढताच त्यांनी नाक मुरडलं.

“शुक्रवारी संध्याकाळी औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवली होती हो बाई, सोमवारी नेली. मी हात लावला नाही. काय काय आणतात अन् औषधांशेजारी ठेवतात! आणि त्या सोमवारी सकाळी या उकळायच्या पेटीवर बघते तर काय, गोंदासारखा तवंग. बोटांना चिकटला. मी फेकून दिलं सगळं आणि पेटी तीनदा घासली.”

“शनिवार-रविवार या खोलीची किल्ली कुणाकडे असते?”

सिस्टरांनी बोटं मोजली. “माझी एक. व्यवस्थापकांची एक. आणि डॉक्टरसाहेब रविवारी फेरीला येतात, त्यांची एक.”

म्हणजे तिघं. आणि बाटली घेऊन फिरणारा नमुनेवाला धरला तर चार. बाई मावशीला न भेटताच पाणीखात्याकडे निघाल्या. आता तिच्यासमोर गेलं तर तोंडावर सगळं दिसेल, हे त्यांना माहीत होतं.

४

नमुनेवाला जेवणाचा डबा उघडून बसला होता. बाईंना बघून त्याने तो घाईघाईने बंद केला.

“शुक्रवारची पेटी सोमवारपर्यंत आश्रमात का ठेवलीत?” बाईंनी सरळच विचारलं.

“तुमचा काउंटर संध्याकाळी बंद होतो, मॅडम. आश्रमातून निघेपर्यंत उशीर झाला. मग करायचं काय? घरी फ्रिजमध्ये ठेवली असती तर बायकोने पेटीसकट मला बाहेर काढलं असतं.” तो ओशाळला. “आम्ही सगळेच करतो असं. जिथला नमुना तिथल्याच फ्रिजमध्ये ठेवतो. आणि झाकणावर कागदाची पट्टी, पट्टीवर माझी सही. कुणी उघडली तर लगेच कळतं. सील फाटलं होतं का?”

“नाही. शॉवरची बाटली भरताना पाणी कसं होतं?”

“कोमट. हाताला बरं वाटेल इतकं. चटका वगैरे काही नाही. आणि त्या शॉवरमधून आधी काय पडलं, सांगू नका कुणाला, जेवता येणार नाही त्यांना. एक लांबडा बुळबुळीत तुकडा लोंबत आला. शीऽ! मी डोळे मिटूनच बाटली भरली.”

“बाटली जरा फुगीर होती का?”

“नवी कोरी होती. पेटीत खाच असते, तिच्यात चपखल बसली.”

“तिसऱ्या आकड्याची बाटली शॉवरची, हे कुणाकुणाला माहीत होतं?”

नमुनेवाल्याने डोकं खाजवलं. “मला. आणि डॉक्टरसाहेबांना. व्यवस्थापक फोनवर गेल्यावर तेच उभे होते ना शेजारी. मी म्हटलं, साहेब, जरा झाकण धरता का, माझे दोन्ही हात गुंतलेत. त्यांनी धरलं. फार साधा माणूस आहे.”

“आणि मी पाणी यंत्रावरही घालणार आहे, हे तुम्हाला मी फोनवर सांगितलं होतं. तुम्ही ते आश्रमात कुणाला बोललात?”

“मी कशाला बोलू? मला त्यातलं कळलंच कुठे होतं?” तो हसला. मग बाईंचा चेहरा बघून त्याने हसणं आवरलं.

बाईंनी तिथूनच व्यवस्थापकाला फोन लावला. “उद्या सकाळी शॉवर सुरू करायला मी स्वतः येते,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना न्हाणीघरात बोलवा. डॉक्टरलाही.”

५

सकाळी न्हाणीघरात पाच जण दाटीवाटीने उभे होते. व्यवस्थापक कोटात, सिस्टर पांढऱ्या कपड्यांत, नमुनेवाला एका कोपऱ्यात अंग चोरून, डॉक्टर हसऱ्या चेहऱ्याने शॉवरच्या अगदी खाली आणि बाई चावीपाशी. कुबट वास येत होता, पण एव्हाना सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

“प्लेट स्वच्छ आहे,” बाई म्हणाल्या. “डॉक्टर म्हणतात, जे होतं ते मेलं. मग आजी-आजोबांच्या आधी आपणच जरा अंगावर घेऊ या. चालेल ना?”

आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी चावी फिरवली.

व्यवस्थापकाने “अहो, माझा कोट!” म्हणून कोट छातीशी कवटाळला. सिस्टरांनी पदर वर घेतला. नमुनेवाल्याने डोळे मिटले. डॉक्टर मात्र एका उडीत बाहेरच्या बोळात जाऊन पडला होता आणि त्याने रुमाल नाकातोंडावर गच्च दाबला होता.

पाइपाने एक लांब ढेकर दिली. थेंबसुद्धा पडला नाही.

“न्हाणीघराची मुख्य चावी मी आत येतानाच बंद केली होती,” बाई म्हणाल्या. “या ना डॉक्टर, आत या. भिजायला भिणारा माणूस कपडे सावरतो. इतका वेळ हा कुबट वास घेत तुम्ही मजेत उभे होतात आणि चावी फिरताच नाक झाकलंत. या पाण्याचे तुषार श्वासात जाऊ नयेत, हे इतक्या घाईने कुणाला सुचेल? हे पाणी जिवंत आहे हे ज्याला पक्कं माहीत आहे, त्यालाच.”

“मॅडम, हा काय पोरखेळ आहे?” डॉक्टर रुमालाआडून म्हणाला.

“पोरखेळ असता तर बरं झालं असतं. हा पुरावा नव्हेच, ही नुसती माझी खात्री. पुरावा ऐका.” बाईंनी पिशवीतून बाटली काढून फरशीवर ठेवली. ती डुगडुगली. “पाणी भरलं तेव्हा कोमट होतं आणि बाटली पेटीच्या खाचेत चपखल बसली. माझ्याकडे आली ती तळ फुगून, चिठ्ठी सुटून. म्हणजे ही सील लागल्यानंतर तापवली. सिस्टरांच्या उकळायच्या पेटीत, गळ्याखालपर्यंतच बुडवून, म्हणून झाकणावरची पट्टी शाबूत राहिली. चिठ्ठीचा गोंद सुटून त्या पाण्यावर तवंग आला, तोच सिस्टरांनी फेकला. आतलं सगळं मेलं, साधे जंतूसुद्धा. म्हणून प्लेट इतकी कोरी. पाइपच कढत पाण्याने धुतले असते तर जंतू मेले असते, पण बाटलीचा तळ कशाला फुगला असता?”

व्यवस्थापक पुटपुटला, “मी नाही हं काही केलं.”

“तुम्हाला करता आलं नसतं. तुम्हाला कोणती बाटली कुठली हे ठाऊक नव्हतं. तुम्ही किंवा सिस्टरांनी केलं असतं तर तिन्ही उकळाव्या लागल्या असत्या. नमुनेवाल्याला बाटली ठाऊक होती, पण पाणी यंत्रावर जाणार हेही त्याला ठाऊक होतं. शिवाय सिस्टरांच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे नव्हती, आणि नुसतं उकळलं की प्लेट कोरी राहते हे कळायला लागणारी विद्याही नव्हती. ज्याला बाटली माहीत, ज्याच्याकडे खोलीची किल्ली आणि पाणी फक्त प्लेटवरच तपासतात असा ज्याचा ठाम विश्वास, असा माणूस एकच. माझ्याच हाताखाली शिकलेला. तुम्ही निघून गेल्यावर मी तपासणीची पद्धत बदलली, डॉक्टर. तुम्ही जुनीच घोकत बसलात.”

डॉक्टर भिंतीला टेकला. सिस्टर त्याच्याकडे अशा बघत होत्या, जसं कुणी ताटात निघालेल्या झुरळाकडे बघावं.

६

“कशासाठी?” बाईंनी विचारलं.

“सगळ्यात आधी तळमजल्यावरच्या आजींना खोकला झाला होता,” डॉक्टर हळूच म्हणाला. “मी म्हटलं, वयाचा आहे. बेडका पाठवला नाही. त्या तशाच बऱ्या झाल्या. मग मास्तर गेले आणि त्यांच्यात हे निघालं. नळातही निघालं असतं तर चौकशीत पहिला प्रश्न आला असता, की आजींचा बेडका का नाही पाठवलात? माझं नाव गेलं असतं, मॅडम. मोठ्या रुग्णालयात माझी नेमणूक व्हायची आहे. आज रिपोर्ट मिळाला की मी टाकी साफ करून घेणारच होतो, शपथ.”

“आज सकाळी इथे आंघोळी होणार होत्या.”

“एखाद्या दिवसाने काय होतं?” तो एकदम जवळ आला आणि आवाज खाली आणून, अगदी घरच्या माणसासारखा म्हणाला, “आणि तुमच्या मावशींना मी काही होऊ दिलं नसतं, मॅडम. त्यांची काळजी मी पहिल्यापासून घेतोय. त्यांना शॉवरखाली न्यायचंच नाही, वेगळी बादली, उकळून निवलेलं पाणी, असं मी सिस्टरना सांगून ठेवलं होतं. तुम्ही आमच्या गुरू. एवढं तर आम्ही करणारच.”

तो हसला. आभाराची वाट बघितल्यासारखा.

बाईंच्या घशाशी आंबट पाणी आलं. आजवर उघडलेल्या कुठल्याच डबीने त्यांना असं केलं नव्हतं. कशाबशा त्या सिस्टरांकडे वळल्या. “ही बादली कधीपासून?”

सिस्टर डॉक्टरपासून दोन पावलं मागे सरल्या. “त्या खोकल्याच्या आजींना ताप आला ना, त्याच दिवसापासून. मला वाटलं, तुमच्या मावशींची कातडी नाजूक आहे म्हणून असेल.”

“आणि मास्तर?”

“मास्तर तेव्हा ठणठणीत होते, बाई. रोज सकाळी पहिला नंबर त्यांचाच असायचा, गाणी म्हणत आंघोळ करायचे. ते आजारी पडले त्यानंतर आठवड्याने.”

म्हणजे पाण्यात काय आहे याचा अंदाज डॉक्टरला मास्तर आजारी पडायच्या आठवडाभर आधीच आला होता. डॉक्टरच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात आता काही नव्हतं. बाईंनी मोठ्या अधिकाऱ्यांना तिथूनच फोन केला, मुख्य चावीवर नमुनेवाल्याकडून सील लावून घेतलं आणि तळमजल्याच्या आजींचा बेडका त्याच दिवशी पाठवायला सांगितलं. मग हात कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले आणि मावशीच्या खोलीत गेल्या.

मावशी खिडकीशी बसली होती. मास्तरांची खोली तिच्या शेजारचीच. संध्याकाळी दोघं पत्ते खेळायची आणि मास्तर हरले की तिचं चित्र काढून द्यायचे. बाईंनी तिला सगळं सांगितलं, कारण बातमी दुपारपर्यंत अख्ख्या आश्रमात पसरणारच होती. बादलीचंही सांगितलं.

मावशीने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग आपल्या ओल्या केसांना हात लावून म्हणाली, “म्हणजे मी तुझी मावशी आहे, म्हणून मला बादली.”

“हो गं.”

“मग पोरी, मास्तरांना कुणी भाची नव्हती, एवढंच ना?”

बाई तिच्या पायाशी बसल्या. मावशीने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला नाही.